भीमाकाठचे मियाना: एका पठाण कुळाचा मुलूख आणि वंशावळ



इसवी सन १६१२ च्या फेब्रुवारीत वऱ्हाडातल्या मलकापुरात एक ग्रंथ लिहायला घेतला गेला. मलकापूर म्हणजे भुसावळहून अकोल्याकडे जाताना लागतं तेच, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलं. लिहिणारा होता हेरातच्या घराण्यातला ख्वाजा निमतुल्ला, जहांगीरच्या दरबारी वाकनिशी केलेला माणूस. लिहवून घेणारा होता मोगल सरदार खानजहान लोदी. ग्रंथ फार्सीत आहे. पुढच्या वर्षी तो बऱ्हाणपुरात पुरा झाला आणि ‘मखजन-ए-अफगाणी’ या नावानं ओळखला जाऊ लागला. साऱ्या पठाण टोळ्यांना एकाच मूळपुरुषाखाली आणणारी सविस्तर वंशावळ या ग्रंथात बांधली गेली. आज पेशावरचा किंवा कंदाहारचा माणूस आपलं कूळ थेट कैस अब्दुर्रशीदपर्यंत नेऊन भिडवतो, तेव्हा त्याच्या बोलण्यामागचा लेखी आधार बहुतेक वेळा आपल्या वऱ्हाडात येऊन थांबतो. ही गोष्ट पेशावरला फारशी ठाऊक नाही आणि मलकापुरालाही नाही.

संयोजकांनी मला ‘पठाणांचं मूळ’ असा ऐसपैस विषय दिला होता. तासाभरात तो पेलणार नाही, म्हणून मी एक कूळ निवडलं: मियाना. निवडीचं कारण साधं आहे. या कुळातला एक माणूस तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती नेसरीच्या खिंडीत ज्याच्या फौजेवर तुटून पडले, तो बहलोलखान मियाना होता. शाळेच्या पुस्तकात तो एका ओळीपुरता येतो, ‘आदिलशाही सरदार’ म्हणून, आणि जातो. तो कोणाचा कोण, त्याचे लोक दख्खनमध्ये कसे आले, पुढे त्यांचं काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही.

आधी मखजनमधलं झाड पाहू. मूळपुरुष कैस. तो म्हणे बनी इस्राएलच्या तालूत राजाचा सदतिसावा वंशज. तो मदिनेला गेला, प्रेषितांकडून त्याला अब्दुर्रशीद हे नाव मिळालं, आणि त्याची कबर सुलेमान पर्वतातल्या तख्त-ए-सुलेमान या शिखरावर दाखवतात. त्याला तीन मुलगे, सरबन, बिटन आणि गरगश्त. जे कोणी या तिघांत बसत नाहीत, म्हणजे आफ्रिदी, खटक, वझीर, बंगश वगैरे, त्यांच्यासाठी करलान नावाचं रानात सापडलेलं मूल आहे. ते घरात वाढवलं आणि पोटचं मानलं. बिटनच्या लेकीची कथा तर खास आहे. तिचं सूत घोरच्या एका परागंदा राजपुत्राशी जुळलं आणि त्यांच्यापासून गिलजी आणि लोदी झाले. आता ग्रंथाचा खर्च सोसणारा धनी लोदी होता, हे ध्यानात ठेवा. कुळाच्या झाडात धन्याच्या घराला राजपुत्राचं रक्त सापडलं, यात नवल काय!

थोरल्या सरबनला दोन मुलगे, शरखबून आणि खरशबून. शरखबूनची मुलं म्हणजे शिरानी, तरीन, मियाना आणि बरेछ, शिवाय मानलेला उरमड. यातल्या शिरानीची आई काकर कुळातली. बापानं तरीनला वडीलकी दिली म्हणून शिरानी रुसला आणि कायमचा आजोळी गेला. तेव्हापासून त्याचे वंशज आईकडच्या गरगश्त शाखेत मोजले जातात. आपल्याकडच्या पाटीलकीच्या तंट्यांचे महजर ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ही कथा ओळखीची वाटेल. वडीलपण कोणाचं, पहिला मान कोणाचा, पान कोणी आधी उचलायचं, यावरून आपलीही घरं पिढ्यानुपिढ्या फुटली आहेत.

हे झाड इतिहास म्हणून खरं आहे का? नाही. पश्तो ही इराणी गोतातली भाषा आहे, हिब्रूशी तिचं नातं नाही. अकराव्या शतकात अल्-बेरूनी हिंदुस्थानच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या अफगाण टोळ्यांचा उल्लेख करतो, पण कैसचं नाव काढत नाही. त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिरानं बृहत्संहितेत ‘अवगाण’ लोकांची नोंद केली आहे. लोक जुने आहेत, झाड नवं आहे. आणि ते नवं झाड दख्खनमध्ये का लावलं गेलं, हा मला खरा प्रश्न वाटतो.

निमित्त म्हणून एक किस्सा सांगितला जातो. जहांगीरच्या दरबारात इराणच्या वकिलानं अफगाणांची टिंगल केली, की ही तर देव-राक्षसांची प्रजा. खानजहान लोदीला ते झोंबलं. त्यानं आपली माणसं डोंगरात पाठवली, टोळ्याटोळ्यांतून माहिती गोळा करवली आणि ग्रंथ लिहवला. किस्सा खरा असो वा नसो, त्यामागची परिस्थिती खरी आहे. मोगल दरबारात इराणी आणि तुराणी अमीर आपापल्या घराण्यांचा तोरा मिरवत. अफगाणांची पातशाही बाबरानं पानिपतावर आणि हुमायूननं सरहिंदला मोडून काढलेली. तेव्हापासून त्यांच्याकडे संशयानंच पाहिलं जाई. अशा दरबारात उभं राहायचं तर तलवारीबरोबर कुळाचा कागदही लागतो. १६१२ साली खानजहान वऱ्हाडात होता तो मलिक अंबरावरच्या मोहिमेसाठी. ती मोहीम फसली. मोगलांचाच दुसरा सरदार अब्दुल्लाखान नाशिकच्या बाजूनं एकटाच पुढे धावला आणि मार खाऊन परतला. वऱ्हाडातल्या फौजेला फारसं काही करता आलं नाही. ग्रंथ मात्र झाला.

याच शतकात, याच दख्खनमध्ये, आणखी एका घराण्याला कुळाच्या कागदाची गरज पडली होती. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक होताना भोसल्यांचं कूळ उदेपूरच्या सिसोदियांशी जोडलं गेलं आणि गागाभट्टांनी ते मान्य केलं. खरंखोटं यावर आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे, त्यात मी भर घालत नाही. मला फक्त वर्षं शेजारी ठेवायची आहेत. नेसरीची लढाई त्याच साली २४ फेब्रुवारीची, राज्याभिषेक ६ जूनचा. मैदानात समोरासमोर उभे असलेले दोन्ही पक्ष आपापली वंशावळ जवळ बाळगून होते.

आता मुलुखाकडे वळू. शरखबूनच्या मुलांपैकी तरीनांचा मुलूख पिशिनचं खोरं आणि दुकी-लोरालाईचा भाग. शिरानींचा तख्त-ए-सुलेमानच्या पायथ्याचा. बरेछांचा कंदाहारच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेचा शोरावाक. उरमडांचा वझिरिस्तानातलं कानीगुरम आणि काबूलजवळचा लोगर. मियानांचं नाव घेतलं की बोट ठेवायला असा ठसठशीत मुलूख सापडत नाही. सुलेमान पर्वताच्या परिसरातून ते फार लवकर खाली उतरले आणि पांगले. म्हणजे ज्यांची मायभूमी नकाशावर सर्वांत पुसट, त्या भावाचे वंशज दख्खनच्या कागदपत्रांत सर्वांत ठळक. तरीनांचा इतिहास पिशिनात शोधावा लागतो. मियानांचा शोधायचा तर बालापूर, विजापूर, सावनूर आणि कडप्पा इथे जावं लागेल, आणि वाटेत सोलापूर जिल्हा लागेलच.

पठाण मुलुखात वंशावळ ही भिंतीवर टांगायची वस्तू नसते. जमीन तिच्यावर चालते. सोळाव्या शतकात युसुफझाई काबूलकडून सरकत स्वातच्या खोऱ्यात आले, तेव्हा शेख मलीनं जमिनीची वाटणी कुळांच्या शाखांप्रमाणे लावून दिली. वाटणीही कायमची नव्हती. ठरावीक वर्षांनी चिठ्ठ्या टाकायच्या आणि अख्ख्या गावानं घरदार उचलून दुसऱ्या शाखेच्या जमिनीवर जायचं. चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून ही तजवीज. विसाव्या शतकात स्वातच्या वालीनं ती मोडून जमिनी कायम करून दिल्या. तोवर झाडावरची तुमची फांदी ठरली की तुमचं शेत ठरायचं. आणि चुलतभाऊ हा एकाच वेळी पाठीराखा आणि पहिला वैरी, कारण हिस्सा मागणारा तोच. आपल्याकडे गावच्या वतनाच्या तक्षिमा अशाच थोरल्या-धाकट्या घरांवर पडत आल्या आहेत.

डोंगरातून बाहेर पडलेल्या पठाणाला ही जमीन उरत नाही, फक्त झाड उरतं. मग जमिनीऐवजी त्या झाडावर फौज उभी राहते. सरदार आपल्या कुळातली माणसं घेऊन चाकरीला येतो. तो जिकडे जाईल तिकडे ती जातात, आणि त्याचा पगार थकला की तीच त्याच्या दारात धरणं धरतात.

मियाना दख्खनच्या राजकारणात ठळकपणे दिसतात ते १६२९ नंतर. शहाजहानवर रुसलेला खानजहान लोदी, आपल्या ग्रंथाचा तोच धनी, आग्र्याहून निसटला आणि दौलताबादच्या निजामशहाकडे आला. निजामशहानं त्याला बीड परगणा नेमून दिला. त्याला येऊन मिळालेल्या अफगाणांत एक होता बालापूरचा जहागीरदार बहलोल मियाना. बालापूर म्हणजे अकोला जिल्ह्यातलं. बीडजवळ राजुरीला मोगलांनी खानजहानाला गाठलं. तिथून तो उत्तरेकडे पळाला आणि १६३१ मध्ये बुंदेलखंडाच्या बाजूला मारला गेला. त्याचा साथी दर्याखान रोहिला त्याच धामधुमीत त्याच्याआधी पडला. बहलोल मात्र दख्खनमध्येच राहिला आणि घराणं पुढे विजापूरच्या चाकरीत रुजलं. ‘बहलोलखान’ हे त्या घरात पिढीजात नाव होऊन बसलं. बखरी वाचताना त्यामुळे गोंधळ होतो. नेसरीचा बहलोल म्हणजे अब्दुल करीम.

दर्याखानाचं नाव मी उगाच घेतलं नाही. तो दाऊदझाई, पेशावरजवळच्या काबूल नदीकाठच्या कुळातला, खरशबूनच्या शाखेचा. त्याचा मुलगा जलालखान म्हणजे पुढे पुरंदरला वेढा घालणारा दिलेरखान. मुरारबाजी देशपांडे त्याच्याशीच लढत १६६५ मध्ये पडले. बाप मोगलांविरुद्ध बंड करून मेला आणि मुलगा मोगलांचा नामांकित सेनापती झाला. १६७६-७७ च्या सुमारास दिलेरखान आणि विजापूरचा बहलोल यांचं गूळपीठ जमलं, तेव्हा मराठी आणि फार्सी दोन्हीकडच्या लोकांनी त्याचं कारण ‘दोघेही पठाण’ असं दिलं. ते कारण अपुरं आहे. झाडावर दोघांचं नातं फार लांबचं. जवळचं नातं होतं ते १६३० च्या त्या एका बंडाचं. दोघांच्याही वडीलधाऱ्यांनी खानजहानाच्या बाजूनं घोडी घातली होती.

अब्दुल करीमची कारकीर्द आपल्याच परिसरात घडली. १६७३ च्या एप्रिलमध्ये प्रतापरावांनी त्याला उमराणीला कोंडलं. उमराणी जत तालुक्यातलं, मंगळवेढ्याहून काही फार लांब नाही. ऐन उन्हाळ्यात पाणी तोडल्यावर त्याची फौज टेकीला आली, प्रतापरावांनी वाट दिली आणि तो निघून गेला. शिवाजीमहाराजांचा कोप, पुढची नेसरी, हे सर्व तुम्हाला पाठ आहे. त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. नोव्हेंबर १६७२ मध्ये अली आदिलशहा वारला होता, गादीवर लहान मूल, कारभार हबशी खवासखानाकडे. १६७५ च्या अखेरीस बहलोलनं खवासखानाला कैद केलं आणि थोड्याच दिवसांत त्याला मारलं. मग विजापुरात दख्खनी आणि पठाण असे उघड दोन तट पडले. बहलोलचा उजवा हात होता खिजरखान पन्नी. त्याचं कूळ गरगश्त शाखेचं, मूळ मुलूख बलुचिस्तानातल्या सिबीचा. दख्खनी पक्षानं त्याला भोसकून मारलं. या पन्नीचा मुलगा दाऊदखान पुढे मोगलांचा दख्खनमधला बडा सुभेदार झाला. कर्नूलचे नवाबही याच कुळातले.

१६७६ च्या जूनमध्ये मोगल सुभेदार बहादूरखान भीमा ओलांडून हलसंगीच्या बाजूनं चालून आला आणि इंडीच्या आसपास बहलोलनं त्याला चोपला. मोगलांचा इस्लामखान रूमी त्यात मारला गेला. सोलापूरचा किल्ला तेव्हा मोगलांकडे होता, १६६८ च्या तहात आदिलशाहीनं तो देऊन टाकला होता. म्हणजे भीमेच्या या काठावर बादशाही आणि पलीकडे मियाना, अशी काही काळ स्थिती होती. डिसेंबर १६७७ मध्ये बहलोल वारला. त्याच्या पठाणांचे पगार थकलेले होते. त्यांनी विजापुरात जो धुमाकूळ घातला तो पाहता आदिलशाही १६८६ पर्यंत टिकली कशी, हेच आश्चर्य.

१६८६ च्या सप्टेंबरात विजापूर पडलं. किल्ला स्वाधीन करण्याची बोलणी करणाऱ्यांत होता बहलोलच्याच घरातला अब्दुल रऊफ. औरंगजेबानं त्याला मनसब दिली आणि किताब दिला ‘दिलेरखान’. जुना दिलेरखान तीन वर्षांपूर्वी औरंगाबादला वारला होता, किताब रिकामा होता! बादशहा १६९५ पासून चार वर्षं आपल्या ब्रह्मपुरीला, माचणूरच्या घाटावर, तळ ठोकून राहिला तेव्हा मियाना बादशाही सरदार झालेले होते. बंकापूर आणि सावनूर त्यांच्या जहागिरीत आलं. दुसरी शाखा कडप्प्याला नवाब झाली.

पेशवाईच्या इतिहासात ही दोन्ही नवाबघराणी सतत आडवी येतात आणि प्रत्येक वेळी आपण ‘सावनूरचा नवाब’ म्हणून पुढे सरकतो. १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी सावनूरला वेढा दिला तेव्हा शहरात नवाबाबरोबर मुरारराव घोरपडे होते आणि मुजफ्फरखान गारदीही. पुढच्या वर्षी बळवंतराव मेहेंदळ्यांनी कडप्प्याच्या मियाना नवाबाला लढाईत मारलं. हेच बळवंतराव डिसेंबर १७६० मध्ये पानिपतावर, मुख्य लढाईच्या महिनाभर आधी, रोहिल्यांशी लढताना गोळी लागून पडले.

आणि इथे मला मखजनचं झाड पुन्हा काढायचं आहे. अहमदशहा अब्दाली कोणाचा? सदोझाई घराण्याचा, पोपलझाई शाखेचा, अब्दाली टोळीचा. अब्दाली कोणाचे? तरीनचे वंशज. तरीन हा मियानाचा भाऊ. अब्दालीच्या बाजूला पानिपतावर आलेला हाफिज रहमतखान रोहिला हा बरेछ, म्हणजे तिसऱ्या भावाचा वंशज. त्याच बाजूचा नजीबखान हा युसुफझाई, त्यांच्या चुलत्याच्या, खरशबूनच्या, घरचा. उमराणीचा बहलोल, कडप्प्याचा नवाब आणि पानिपतचा अब्दाली हे झाडाच्या हिशेबानं भाऊबंद ठरतात. त्या भावंडांना एकमेकांची खबरही नव्हती. सावनूरच्या नवाबानं पानिपतासाठी बोट हलवलं नाही आणि अब्दालीला सावनूर कुठे आहे याचं सोयरसुतक नव्हतं. दोनशे वर्षांच्या अंतरानं फांद्या तुटल्या होत्या. आपल्या पत्रांतून मात्र अब्दालीच्या फौजेला सरसकट ‘गिलचे’ म्हटलेलं आढळतं. गिलजी हे अब्दालींचे कंदाहारसाठीचे जुने वैरी. अब्दालीच्या तंबूत असं एखादं पत्र कोणी वाचून दाखवलं असतं तर शिवीपेक्षा नाव जास्त लागलं असतं.

पठाणांवरचा दुसरा मोठा ग्रंथही आपल्याच भूमीशी बांधलेला आहे, हा योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०९ मध्ये पेशावरला शहा शुजाकडे वकिलात घेऊन गेला. तिथं जमवलेली टिपणं घेऊन तो १८११ मध्ये पुण्याला रेसिडेंट म्हणून आला. दिवसा बाजीरावाचं राजकारण सांभाळायचं आणि उरलेल्या वेळात युसुफझाईंच्या वाटण्या आणि दुर्राण्यांच्या शाखा लिहायच्या, असा त्याचा क्रम. काबूलच्या राज्यावरचा त्याचा ग्रंथ १८१५ मध्ये लंडनला छापला गेला. टोळ्यांकडे तो स्कॉटलंडच्या डोंगरी कुळांच्या चष्म्यातून पाहतो, आणि बनी इस्राएलच्या कथेवर त्याचा विश्वास बसत नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईच्या वेळी संगमावरचा त्याचा बंगला जाळला गेला, त्यात त्याची पुस्तकं आणि कागद गेले. सुदैवानं हा ग्रंथ आधीच बाहेर पडला होता. सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या मनरोनं घेतला तो त्यानंतरच्या मे महिन्यात.

सोलापुरात बसून पठाणांविषयी बोलतो आहे, तर १९३० आठवणारच. २३ एप्रिलला पेशावरच्या किस्साखानी बाजारात गोळीबार झाला आणि काही दिवस शहर सरकारच्या हाताबाहेर राहिलं. पंधरवड्यानं तीच गोष्ट इथं झाली आणि मार्शल लॉ आला. पेशावरच्या आंदोलनाचे नेते खान अब्दुल गफारखान हे मुहम्मदझाई, चारसद्द्याजवळच्या उत्मानझाई गावचे. झाडात ते खरशबूनच्या बाजूला येतात. आपल्या खुदाई खिदमतगार संघटनेत त्यांनी कुळाकुळांचे हाडवैरी शेजारी उभे केले. १९३४ साली सरहद्दीवर जायला बंदी होती तेव्हा ते वर्ध्याला येऊन राहिले होते.

मियानांकडे परत येऊ आणि थांबू. कडप्प्याची गादी हैदरानं १७७९ च्या सुमारास संपवली. सावनूरच्या नवाबाशी हैदरानं सोयरीक केली होती, तरी १७८६ मध्ये टिपूनं सावनूर घेतलं आणि नवाब मराठ्यांच्या आश्रयाला आला. ज्यांच्या पूर्वजानं नेसरीला सात मराठ्यांना कापलं, त्या घराला पेशव्यांनी नेमणूक बांधून दिली. इंग्रजी अमलात पंचवीसेक गावांचं छोटं संस्थान उरलं, धारवाडच्या पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखालचं. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९५६ च्या पुनर्रचनेत तो भाग म्हैसूर राज्यात गेला. आज सावनूर हावेरी जिल्ह्यात आहे आणि तिथली विड्याची पानं प्रसिद्ध आहेत.

या घराण्याचा सलग मराठी इतिहास लिहायला हवा आणि तो लिहिणारा इथूनच निघाला तर मला आनंद होईल. साधनं हाताशी आहेत. सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या पंचेचाळीस खंडांत सावनूर प्रकरणाची पत्रं आहेत, न छापलेले रुमालही पुण्यात आहेत. सेतुमाधवराव पगडींनी भीमसेन सक्सेनासारखी फार्सी साधनं मराठीत आणून ठेवली आहेत. मखजनचं डॉर्ननं केलेलं इंग्रजी भाषांतर १८२९ आणि १८३६ मध्ये दोन भागांत निघालं, मराठीत मात्र ते उतरायचं आहे. ज्याला मोडी येते त्यानं फार्सी शिकावी, ज्याला घरातून उर्दू आली आहे त्यानं मोडी शिकावी. या शहरात दोन्ही प्रकारची मुलं एकाच बाकावर बसतात. त्यांच्यापैकी कोणाला या विषयात हात घालायचा असेल तर व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे.